डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्यांसाठी लेक्चर रेकॉर्डिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिस्लेक्सिया म्हणजे वाचणं-लिहिणं जड जाणारी अध्ययन अक्षमता. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत शिकणारी मुलं-मुली, त्यांचे पालक आणि काही प्राध्यापक हे प्रश्न सतत पाठवतात. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. बाकीची पोरं लिहून घेतातच की. मग डिस्लेक्सिया असलेल्यानं रेकॉर्ड कशाला करायचं?

वर्गात नोट्स घेताना एकाच वेळी चार कामं चालतात: ऐकणं, समजून घेणं, वाक्य डोक्यात धरून ठेवणं आणि ते कागदावर उतरवणं. बहुतेकांचा हात सवयीनं चालतो, त्यामुळे शेवटच्या कामाकडे लक्ष द्यावं लागत नाही. डिस्लेक्सियात लिहिणं असं पूर्णपणे हातवळणी पडत नाही. 'राष्ट्रकूट' लिहिताना 'ष्ट्र' कसा जोडायचा यात काही सेकंद गेले, की तेवढ्यात सर दंतिदुर्गावरून पहिल्या कृष्णापर्यंत आणि वेरूळच्या कैलास लेण्यापर्यंत पोचलेले असतात. मधलं निसटलं ते निसटलंच. संध्याकाळी वही उघडली तर घ-ध, भ-म, थ-य यांची अदलाबदल झालेली, रफार भलत्या अक्षरावर गेलेला, आणि स्वतःचंच लिहिलेलं वाचता येत नाही.

रेकॉर्डिंग चालू असलं की धरून ठेवण्याचं आणि उतरवण्याचं ओझं उतरतं, आणि सगळं लक्ष समजून घेण्याला मिळतं. हुशारीशी याचा काही संबंध नाही. ऐकून उत्तम समजणारी कितीतरी मुलं केवळ नोट्स अपुऱ्या राहिल्यामुळे मागे पडतात, आणि हे टाळता येण्यासारखं आहे.

२. म्हणजे वर्गात काहीच लिहायचं नाही का?

लिहायचं, पण फार थोडं. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा, कारण रेकॉर्डिंग उपयोगी पडतं की फोनमध्ये पडून राहतं हे इथे ठरतं.

पन्नास मिनिटांची कोरी फाइल कुणीही परत उघडत नाही. त्यात आपल्याला हवं ते कुठे आहे हे माहीत असावं लागतं. म्हणून वहीच्या समासात वेळ टिपायची. रेकॉर्डिंगच्या पडद्यावर मिनिट-सेकंद पळत असतात. मुद्दा बदलला, काही कळलं नाही किंवा सर म्हणाले 'हे परीक्षेला येतं', की तो आकडा आणि शेजारी एक-दोन शब्द. पान साधारण असं दिसतं:

०४:१० राष्ट्रकूट, सुरुवात
१२:४० कैलास ★
१९:०५ ?
२६:३० फळा, फोटो

चांदणी म्हणजे परीक्षेसाठी महत्त्वाचं, प्रश्नचिन्ह म्हणजे कळलं नाही. एवढ्या दोन खुणा पुरतात; दहा खुणा ठरवल्या तर त्याच लक्षात ठेवाव्या लागतात. एका तासाला आठ ते बारा नोंदी ठीक. शब्द लिहायला अडतं तिथे छोटं चित्र काढा.

काही जणांचे आकडेही उलटतात, १२:४० चं २१:४० होतं. अशांनी आकडे लिहूच नयेत. बऱ्याच रेकॉर्डिंग ॲपमध्ये खूण करण्याचं बटण असतं, ते दाबलं की वेळ आपोआप नोंदली जाते. फोन सरांच्या टेबलावर असेल तर (प्रश्न ५) हे बटण हाताशी राहत नाही. तेव्हा रेकॉर्डिंग सुरू केलं त्याच क्षणी मनगटी घड्याळाचं स्टॉपवॉच चालू करा आणि त्यावरून नोंदी करा.

३. रोज चार-पाच तास रेकॉर्ड केले तर परत ऐकायचे कधी?

पूर्ण परत ऐकायचेच नाहीत. पन्नास मिनिटांचा तास पन्नास मिनिटं पुन्हा ऐकू लागलात तर आठवडाभरात ही पद्धत सुटेल.

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, एका तासामागे पंधरा-वीस मिनिटं द्या. आधी प्रश्नचिन्हं, मग चांदण्या. नोंदवलेल्या वेळेच्या अर्धा मिनिट आधीपासून लावा, कारण आपण खूण करेपर्यंत मुद्दा सुरू झालेला असतो. ऐकून झालं की तो मुद्दा स्वतःच्या शब्दांत मोठ्यानं बोला आणि तेही रेकॉर्ड करा. दोन मिनिटांची ही फाइल परीक्षेच्या आदल्या रात्री मूळ तासापेक्षा जास्त कामाची असते.

वेग: पहिल्यांदा ऐकताना नेहमीचा, उजळणीला सव्वापट. इंग्रजी संज्ञा नव्या असतील तिथे वेग वाढवू नका. गावाहून रोज एसटीनं येणाऱ्यांना परतीच्या प्रवासात प्रश्नचिन्हं उरकता येतात; गाडीच्या आवाजात फोन पूर्ण मोठा करण्यापेक्षा कान नीट झाकणारे साधे वायरवाले इअरफोन बरे.

आणि सगळेच विषय रेकॉर्ड करायची गरज नसते. ज्यात तोंडी समजावणं जास्त आणि पुस्तकात कमी, असे दोन-तीन निवडा.

४. साधा फोन चालेल का, की वेगळा रेकॉर्डर घ्यावा?

फोननं सुरुवात करा. सेटिंग एवढंच पाहा: मोनो, एमफोरए किंवा एमपीथ्री, ६४ केबीपीएस. माणसाच्या बोलण्याला हे पुरेसं आहे. पन्नास मिनिटांची फाइल सुमारे २४ एमबी होते. पाच विषय, आठवड्याला प्रत्येकी चार तास, पंधरा आठवडे म्हणजे पन्नास मिनिटांचे ३०० तास धरले तरी पूर्ण सत्र ७.२ जीबीत बसतं. तेच डब्ल्यूएव्ही प्रकारात केलं तर एकेक तास अडीचशे एमबीच्या पुढे जातो आणि ऐकताना फरक कळत नाही. व्हिडिओच्या नादी लागू नका. जागा लगेच भरते, फोन तापतो, आणि परवानगीही अवघड होते (प्रश्न १५).

स्वतंत्र डिजिटल रेकॉर्डर तीन कारणांनी घ्यावा: महाविद्यालयात फोनला बंदी आहे, फोन घरात दोघांत मिळून एक आहे, किंवा हातात फोन आला की लक्ष उडतं. तिसरं कारणही पहिल्या दोनांइतकंच खरं आहे.

५. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याचाच आवाज येतो, सरांचं कळत नाही. काय करू?

जवळ जा. नव्वद टक्के तक्रारी इथेच मिटतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की बोलणाऱ्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलनं घटतो. दोन मीटरवरून आठ मीटरवर गेलात तर १२ डेसिबल गेले, आणि डोक्यावरचा पंखा मात्र तेवढाच राहिला. फोनला यातलं काय हवं आणि काय नको हे कळत नाही.

पहिल्या बाकावर बसा, दोन पंख्यांच्या मध्ये. बरोबर पंख्याखाली बसलं की वाऱ्याचा झोत माइकवर आदळतो आणि फडफड ऐकू येते. त्याहून चांगलं म्हणजे फोन सरांच्या टेबलावर ठेवणं, खाली घडी केलेला रुमाल टाकून. रुमाल नसेल तर डस्टर आपटलं, पुस्तक ठेवलं की प्रत्येक धक्का लाकडातून थेट फोनमध्ये जातो. बहुतेक फोनचा माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेशेजारी बारीक भोकात असतो. ती कड सरांकडे करा आणि कव्हरनं भोक झाकलं नाही ना ते बघा. खडूची धूळ त्यात बसते. कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, टाचणी घालू नका.

पत्र्याच्या छताच्या वर्गात पाऊस सुरू झाला किंवा एप्रिलमध्ये कूलर लावले, की टेबलावरचा फोनही पुरत नाही. तिथे कॉलर माइक लागतो (प्रश्न ६). मोठ्या सभागृहात सर ध्वनिक्षेपकावर बोलत असतील तर स्पीकरपासून एक-दीड मीटरवर बसा; अगदी चिकटून ठेवलं तर आवाज फाटतो. ॲपमधली आवाजाच्या पातळीची पट्टी लाल होत असेल तर पातळी कमी करा. हळू आलेलं रेकॉर्डिंग नंतर वाढवता येतं, फाटलेलं दुरुस्त होत नाही.

झालेलं रेकॉर्डिंग थोडं सुधारायचं असेल तर संगणकावर ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम आहे. सर बोलत नसताना नुसता पंखा चालू असलेला दोन सेकंदांचा तुकडा निवडून त्याला 'हा नको असलेला आवाज' असं दाखवायचं, मग पूर्ण फाइलवर नॉइज रिडक्शन लावायचं. १२ डेसिबलच्या आसपास थांबा. जास्त केलं की शब्दांच्या कडा कापल्या जातात, आणि 'प' की 'फ' हे ओळखणं आधीच जड जाणाऱ्या कानाला ते आणखी जड होतं.

६. कॉलर माइक आणला, तरी आवाज फोनच्याच माइकचा येतो. असं का?

बहुधा पिनेचा घोळ. फोनला चालणाऱ्या ३.५ मिमी पिनेवर तीन काळे पट्टे असतात. कॅमेऱ्यासाठीच्या माइकच्या पिनेवर दोनच. दोनवाली पिन फोनमध्ये बसते, पण फोन तिला माइक मानत नाही. तिच्यासाठी जोडणी (अडॅप्टर) मिळते. फोनला गोल खाचच नसेल तर टाइप-सी माइक घ्या. काही ॲपमध्ये बाहेरचा माइक सेटिंगमधून निवडावाही लागतो.

तपासायची सोपी रीत: रेकॉर्डिंग चालू करून आधी कॉलर माइकवर नखानं टकटक करा, मग फोनच्या खालच्या कडेवर. ऐकताना जी टकटक मोठी येते तो माइक चालू आहे. हे तासाआधी दहा सेकंदांत होतं.

माइक सरांच्या हनुवटीखाली एक वीतभर अंतरावर लावायचा. ओढणी, उपरणं, गळ्यातलं ओळखपत्र घासलं की खरखर येते. वायरलेस जोडी असेल तर सरांकडचा भाग तास संपल्यावर आठवणीनं परत घ्या आणि बंद करा, नाहीतर स्टाफरूममधलं बोलणं तुमच्या फोनमध्ये येईल. ब्लूटूथ इअरफोनचा माइक या कामाला घेऊ नका. तो तुमच्या कानाशी असतो, सरांशी नाही.

७. रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं. तास संपल्यावर कळतं की अकराच मिनिटं झालीत.

चार कारणं. फोन आला: तास सुरू होण्याआधी विमान मोड लावा, नुसतं सायलेंट पुरत नाही. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगनं ॲप मारलं: सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरी वापरावरचं बंधन काढा, पडदा बंद झाल्यावर काही मिनिटांतच थांबत असेल तर कारण हेच. जागा संपली: किमान एक जीबी मोकळी ठेवा. चौथं आपल्याकडचं, ऊन. मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असताना खिडकीच्या कट्ट्यावर किंवा दुचाकीच्या डिकीत राहिलेला फोन तापतो आणि स्वतःहून बंद होतो.

वीज जाण्याचा भरवसा नाही अशा ठिकाणी राहत असाल तर १०,००० एमएएचची पॉवर बँक दप्तरात असू द्या.

८. फळ्यावर काढलेलं कसं पकडायचं? रेकॉर्डिंगमध्ये नुसतं 'हे इथून इकडे गेलं' एवढंच ऐकू येतं.

फळा पुसायच्या आधी फोटो, आणि समासात त्याची वेळ (प्रश्न २ मधली शेवटची नोंद). फोन रेकॉर्डिंगला लागला असेल तर शेजाऱ्याला काढायला सांगा. तास संपल्यावर घेतलेल्या फोटोतही वेळ असतेच, पण तोवर अर्धा फळा पुसलेला असतो. गणित, रसायनशास्त्र, अर्थशास्त्राच्या आलेखांना फोटोशिवाय नुसता आवाज निरुपयोगी आहे.

सरांना एक विनंती करता येते: लिहिताना बोलत राहा. 'हे बरोबर हे' ऐवजी 'मागणी बरोबर पुरवठा'. यानं पूर्ण वर्गाचा फायदा होतो.

९. आमच्याकडे सर शिकवतात कमी आणि नोट्स सांगतात जास्त. 'उतरवून घ्या' म्हणतात. तिथे काय?

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला सगळ्यात जड जाणारा प्रकार हाच, आणि आपल्याकडे तो फार आहे. एकेक वाक्य ऐकून उतरवण्यात समजून घ्यायला काही उरतच नाही. रेकॉर्डिंग इथे सर्वाधिक कामाला येतं, कारण सांगण्याचा वेग मुळातच संथ असतो आणि वाक्यं पूर्ण असतात.

पण त्याहून सरळ उपाय म्हणजे सरांकडच्या नोट्सची प्रत आधीच मागणं. प्रत मिळाली की तासाला पेन खाली ठेवून ऐका. हाती लिहिलेली असेल तर कुणाकडून टाइप करून घ्या, म्हणजे फोनमधला मराठी आवाज ती वाचून दाखवू शकेल. टाइप केलेली असेल तर अक्षर मोठं करा आणि दोन ओळींत जास्त अंतर ठेवा; मराठीत वेलांट्या आणि उकार वर-खाली येत असल्यामुळे दाटीवाटीच्या ओळी एकमेकींत मिसळतात.

१०. रेकॉर्डिंगचं आपोआप मराठी टायपिंग होतं का?

होतं, पण त्यावर विसंबू नका. मराठीत बोलून टाइप करण्याची सोय गूगल डॉक्स आणि जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये आहे. ती एका माणसाच्या जवळून, स्पष्ट बोलण्यासाठी ठीक चालते. दूरवरून आलेला, पंख्यात मिसळलेला, 'फोटोसिंथेसिसची जी प्रोसेस आहे ना' असा मराठी-इंग्रजी मिसळीचा तास तिला झेपत नाही. संज्ञा आणि विशेषनामं हमखास चुकतात.

अडचण अशी की चुकलेला शब्द वाचून पकडणं हेच तर डिस्लेक्सियात अवघड असतं. म्हणून यंत्रानं दिलेला मजकूर अभ्यासाला वापरण्याआधी दुसऱ्या कुणीतरी संज्ञा तपासाव्यात. त्यापेक्षा प्रश्न ३ मधली तुमची स्वतःच्या आवाजातली दोन मिनिटांची फाइल टाइप करून घ्या. तिथे यंत्र बरं काम करतं आणि मजकूरही आटोपशीर राहतो.

११. फाइली शोधताच येत नाहीत. नावं कशी द्यायची?

नाव वाचायलाच लागू नये अशी व्यवस्था करा. प्रत्येक विषयाचा वेगळा फोल्डर, त्याला वेगळा रंग किंवा चिन्ह, आणि त्याच रंगाची वही. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे ओळ आपोआप लागते. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पहिल्या पाच सेकंदांत हळू आवाजात बोला: 'सोमवार, इतिहास, तिसरा तास'. मग वाचावं लागत नाही, ऐकलं की कळतं. दर रविवारी दुसरीकडे एक प्रत काढा. गूगल ड्राइव्हची मोफत १५ जीबी एका सत्राला पुरते.

१२. परवानगी लागते का? कायदा काय म्हणतो?

घ्यावी, लेखी. कायद्याची बाजू अशी आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता येते आणि डिस्लेक्सियाचा तिथे नावानिशी उल्लेख आहे. कलम १६ प्रमाणे शासनाच्या अनुदानावर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय पुरवायची आहे. 'लेक्चर रेकॉर्ड करू द्या' असं वाक्य कायद्यात नाही. रेकॉर्डिंग ही वाजवी सोय म्हणून मागायची असते. संस्थेला तिचा खर्च जवळपास शून्य आहे, त्यामुळे ती अवाजवी आहे असं म्हणणं अवघड जातं.

दुसरा कायदा कॉपीराइटचा, १९५७ चा. व्याख्यान देणाऱ्याचे हक्क त्यात मान्य केलेले आहेत. मात्र कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं ध्वनिमुद्रण त्या हक्कांचा भंग ठरत नाही. ही सवलत स्वतःपुरती आहे. फाइल पुढे पाठवली की ती संपते (प्रश्न १७).

खासगी वापराला मुभा आहे म्हणून गुपचूप रेकॉर्ड करू नका. महाविद्यालयाचे शिस्तीचे नियम वेगळे लागू होतात, आणि एकदा विश्वास गेला की पुढच्या मुलालाही नकार मिळतो.

१३. माझ्याकडे प्रमाणपत्र नाही, किंवा त्यावरची दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० पेक्षा कमी आहे. मग?

रेकॉर्डिंगसाठी अडत नाही. ४० टक्क्यांची अट लक्षणीय दिव्यांगत्वाला जोडलेल्या लाभांसाठी आहे, जसं उच्च शिक्षणातलं किमान ५ टक्के आरक्षण. सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात स्पष्ट केलं की वाजवी सोयीचा हक्क ४० टक्केवाल्यांपुरता नाही. तो खटला परीक्षेत उत्तरं लिहून देणाऱ्या लेखनिकाचा होता, पण तत्त्व इथेही लागू होतं.

तरी प्रमाणपत्र काढून ठेवा, परीक्षेत लागतं. लेखनिक आणि ताशी किमान २० मिनिटं जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, ही केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतली सोय आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, करायचा. तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होते. जाण्याआधी एक फोन करून चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कोणत्या वारी असतात ते विचारा. हिंगोलीहून नांदेड किंवा बीडहून अंबाजोगाई असा फेरा फुकट जाऊ नये. शाळेच्या जुन्या वह्या आणि गुणपत्रिका सोबत न्या. दहावीच्या वेळचं प्रमाणपत्र असेल तर १८ पूर्ण झाल्यावर फेरतपासणी करून घ्या.

प्रमाणपत्र येईपर्यंत मानसशास्त्रज्ञाच्या अहवालावर किंवा दहावी-बारावीला मिळालेल्या सवलतीच्या पत्रावर अर्ज करता येतो.

१४. अर्जात नेमकं काय लिहायचं?

एका पानात बसेल एवढंच. प्राचार्यांच्या नावानं, विषय 'लेक्चरचे ध्वनिमुद्रण करण्यास परवानगी मिळणेबाबत'. मजकुराचा गाभा असा ठेवता येतो:

'मला विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया) असून कागदपत्राची प्रत सोबत जोडली आहे. ऐकणे आणि लिहिणे एकाच वेळी शक्य होत नसल्याने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार वाजवी सोय म्हणून खालील विषयांच्या तासांचे फक्त ध्वनिमुद्रण करण्याची परवानगी मिळावी. ध्वनिमुद्रण मी केवळ माझ्या अभ्यासासाठी वापरीन, कोणालाही पाठवणार नाही, समाजमाध्यमांवर टाकणार नाही, प्राध्यापकांनी सांगितल्यास त्या भागापुरते थांबवीन, आणि सत्राचा अंतिम निकाल लागल्यावर नष्ट करीन.'

खाली विषय आणि प्राध्यापकांची नावं. एक प्रत विभागप्रमुखांना, एक समान संधी कक्षाला, म्हणजे दिव्यांग आणि इतर वंचित विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या कक्षाला. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. सत्राच्या पहिल्या आठवड्यात द्या.

१५. सर नाही म्हणले तर?

आधी कारण विचारा. बहुतेकांची भीती एकच असते: आपलं एखादं वाक्य मागचं-पुढचं कापून व्हॉट्सॲपवर फिरेल. ही भीती खरी आहे आणि तिला उत्तर द्यायला हवं. व्हिडिओ नाही, फक्त आवाज; फोन त्यांच्या टेबलावर, त्यांच्या डोळ्यांसमोर; नको असेल तेव्हा त्यांनी स्वतः थांबवायचा. एवढं सांगितलं की निम्मे नकार मागे घेतले जातात.

तरीही नाही म्हणाले तर विभागप्रमुख, मग प्राचार्य, मग विद्यापीठाचा संबंधित कक्ष. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव इथली महाविद्यालयं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली इथली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. शेवटी राज्याचे दिव्यांग आयुक्त, ज्यांचं कार्यालय पुण्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ८० प्रमाणे हक्क डावलल्याच्या तक्रारीत ते लक्ष घालू शकतात. प्रत्येक पायरीवर आधीच्या अर्जाची पोच जोडा. नकारही लेखी मागा. तो लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा होकार मिळतो.

१६. मी प्राध्यापक आहे. माझ्या वर्गात असा विद्यार्थी आहे. मी वेगळं काय करावं?

वर्गातल्या इतरांचा प्रश्न आला की तो एकदा मोठ्यानं म्हणून मग उत्तर द्या, कारण मागच्या बाकावरचा प्रश्न रेकॉर्डिंगमध्ये येत नाही आणि उत्तर अधांतरी राहतं. मुद्दा बदलताना 'आता दुसरा मुद्दा' असं म्हणा, म्हणजे त्याला वेळ टिपता येते. नवी संज्ञा दोनदा उच्चारा आणि फळ्यावर सुटी लिहा. फळ्याकडे तोंड करून बोलणं टाळा.

रेकॉर्डिंग आहे म्हणून 'तुला काय, घरी ऐक' असं म्हणून त्याला चर्चेतून वगळू नका.

१७. मित्र फाइल मागतात. दिली तर काय होतं?

परवानगी तुमच्या नावानं, तुमच्या अभ्यासासाठी आहे. दिलीत तर अर्जातलं लेखी वचन मोडतं आणि प्रश्न १२ मधली सवलतही उरत नाही. मित्राला नाही म्हणणं जड जातं हे खरं. त्याला तुमच्याजवळ बसून ऐकू द्या, फाइल देऊ नका.

एक अपवाद: कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातल्या प्रती करून त्यांच्यात देण्याघेण्याची मुभा आली. वर्गात आणखी कुणाला डिस्लेक्सिया असेल तर दोघांनी मिळून अर्ज करा आणि त्यात तसं लिहा. परस्पर ठरवू नका.

१८. टेबलावर फोन ठेवला की सगळ्या वर्गाला कळतं. मला ते नकोय.

तुमचं निदान वर्गाला सांगायची कुणालाही गरज नाही, प्राध्यापकांनाही सांगायचा अधिकार नाही. फोनऐवजी छोटा रेकॉर्डर वापरा आणि पहिल्या बाकावर स्वतःच्या पुस्तकाशेजारी ठेवा. किंवा सरांनी स्वतःच तास रेकॉर्ड करून तुम्हाला द्यावा अशी विनंती करा. काही विभागांत सर स्वतःच पूर्ण वर्गासाठी रेकॉर्ड करतात. तिथे कुणी वेगळं दिसतच नाही.

१९. प्रात्यक्षिक, रुग्णालयातला राउंड, समाजकार्याची केस, तोंडी परीक्षा: हे रेकॉर्ड करता येतं का?

तोंडी परीक्षा नाही. रुग्ण, अशील किंवा लाभार्थी यांचं नाव, आजार, घरची परिस्थिती बोलली जात असेल तर तेही नाही, आणि प्राध्यापकांची परवानगी तिथे पुरत नाही, कारण माहिती त्या तिसऱ्या माणसाची आहे. तेवढा वेळ थांबवा, आणि राउंड संपल्यावर बाहेर येऊन नावं वगळून, जे शिकलात ते स्वतःच्या आवाजात दोन मिनिटं बोला.

प्रयोगशाळेत सुरुवातीची दहा मिनिटं, म्हणजे कृती सांगतात तेवढी, रेकॉर्ड करा. पुढचा भांड्यांचा आणि गप्पांचा आवाज कामाचा नाही. वर्गात विद्यार्थी स्वतःचे अनुभव सांगत असतील तर कुणी सांगायची वाट न पाहता रेकॉर्डिंग थांबवा.

२०. लातूरच्या खासगी क्लासमध्ये रेकॉर्डिंगला साफ नकार दिला. तिथे हाच कायदा नाही का?

त्या कायद्याचं कलम १६ (प्रश्न १२) शासनाच्या अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थांबद्दल आहे. खासगी क्लासशी तुमचा संबंध प्रवेशाच्या वेळी झालेल्या कराराचा. म्हणून फी भरण्याआधी विचारा आणि होकार पावतीवर लिहून घ्या. बरेच क्लास स्वतःच तासांचे व्हिडिओ त्यांच्या ॲपवर देतात. ते मिळणार असतील तर वेगळं रेकॉर्डिंग लागत नाही, फक्त समासातल्या वेळा (प्रश्न २) तिथेही टिपा.

२१. लेकराला रेकॉर्डर घेऊन दिला, सहा महिने झाले, मार्क काही वाढले नाहीत.

त्याच्या समासात वेळा आहेत का ते आधी बघा. नसतील तर फाइली साठताहेत, ऐकल्या जात नाहीत. वेळा असतील आणि तो ऐकतही असेल, तर अडचण बहुधा उत्तर लिहिण्यात आहे: समजलेलं असतं, पण तीन तासांत कागदावर येत नाही. त्याला रेकॉर्डिंग पुरं पडत नाही. लेखनिक आणि जादा वेळ मागावा लागतो (प्रश्न १३), आणि लेखनिकाला सांगून लिहवून घेण्याचा सरावही घरी करावा लागतो, कारण बोलताना विरामचिन्हं, परिच्छेद आणि विशेषनामांची अक्षरं सांगणं हे वेगळंच कसब आहे. घरात कुणी रोज वीस मिनिटं लेखनिक व्हायला तयार असेल तर सत्र संपेपर्यंत फरक दिसतो.

२२. फाइली नष्ट कधी करायच्या? एटीकेटी लागली तर?

अर्जात 'अंतिम निकाल' असं लिहिलंय, त्यात पुनर्मूल्यांकनाचा निकालही धरा. विषय राहिला तर त्या विषयाच्या फाइली तो सुटेपर्यंत ठेवा, बाकीच्या काढून टाका, आणि ठेवल्याचं प्राध्यापकांच्या कानावर घाला. काढताना फोनमधली कचरापेटी आणि ड्राइव्हवरची प्रतही रिकामी करा. तिथे त्या आणखी ३० दिवस राहतात. स्वतःच्या आवाजात केलेल्या सारांशाच्या फाइली तुमच्या आहेत. त्या पुढच्या वर्षाला ठेवा.